वाफ आहे, पाऊस नाही

विश्वाचं वय जेमतेम ७० कोटी वर्षं असताना एका छोट्या दीर्घिकेत तारे जन्मायचे थांबलेही होते. आज विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांचं आहे. म्हणजे बाकी सगळीकडे अजून सुरुवातच चालली होती आणि हिचं आटोपलं होतं. जेम्स वेब दुर्बिणीने तिचा प्रकाश टिपला आणि २०२४ साली तिच्याविषयीचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. जेड्स-जीएस-झेड७-०१-क्यूयू असं तिचं लांबलचक नाव. तीन ते नऊ कोटी वर्षं तिच्यात तारे धडाक्याने तयार झाले आणि आपल्याला ती ज्या अवस्थेत दिसते त्याच्या एक-दोन कोटी वर्षं आधी ते काम थांबलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तारा कसा जन्मतो याची आकृती फळ्यावर काढत माझी बरीच वर्षं गेली. हायड्रोजनचा थंड ढग, त्याचं स्वतःच्या वजनाने आकसणं, गाभ्यातलं तापमान वाढणं, मग हायड्रोजनचं हेलियम होऊ लागणं. एकेका ताऱ्याचा शेवटही शिकवते: तांबडा राक्षसी तारा, श्वेत बटू, कृष्णविवर. पण अब्जावधी ताऱ्यांच्या अख्ख्या दीर्घिकेत नवा ताराच जन्मू नये, असंही होतं, हे कुठल्या धड्यात नव्हतं. आणि मला अलीकडे असं ठामपणे वाटायला लागलंय की जन्माइतकंच हे थांबणंही नीट समजून घ्यायला हवं. आपण सगळं कौतुक सुरुवातींवर खर्च करून टाकतो.

थांबलेली दीर्घिका ओळखायची कशी? रंगावरून. जड तारे निळे, प्रखर आणि अल्पायुषी असतात. त्यातले सर्वांत जड तीस-चाळीस लाख ते काही कोटी वर्षांतच संपतात. हलके तारे पिवळे-तांबडे, मंद, आणि फार दीर्घायुषी. आपला सूर्य हजार कोटी वर्षं जगणारा, त्याहून हलके तर विश्वाच्या आजच्या वयापेक्षाही जास्त. नवे तारे येईनासे झाले की आधी निळे जातात, मग पांढरे, आणि दीर्घिका हळूहळू तांबूस होत जाते. दुसरी खूण वर्णपटात सापडते. तरुण निळे तारे आजूबाजूच्या हायड्रोजनला चेतवतात आणि तो ठरावीक तरंगलांबीचा तांबडा प्रकाश सोडतो. ती रेषा वर्णपटात नसली तर तरुण तारे नाहीत. एवढ्या दूरच्या ठिपक्याचा प्रकाश विश्व प्रसरण पावत असल्यामुळे ताणला जाऊन अवरक्तात सरकलेला असतो. म्हणून हे काम पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, साडेसहा मीटरचा आरसा घेऊन थंडगार अंधारात उभ्या असलेल्या वेबलाच जमलं.

आता ठाण्यातून यातलं काय दिसतं ते सांगते. आमची इमारत पोखरण रस्त्याला, पश्चिमेला येऊरचे डोंगर. घोडबंदरच्या बाजूला उजेड इतका की आकाश काळं कधी होतच नाही. तरी मे महिन्याच्या अखेरीला, रात्री नऊच्या सुमारास, ढगांमधून वाट मिळाली तर गच्चीवरून तीन तारे चुकत नाहीत: दक्षिणेला चित्रा, पूर्वेकडून वर येणारी स्वाती, आणि माथ्याच्या जरा पश्चिमेला उत्तरा फाल्गुनी. (स्वाती आणखी तासा-दीड तासाने ठाण्याच्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून जाते, ज्याला खस्वस्तिक म्हणतात तो बिंदू मुलांना दाखवायला मी तिचाच उपयोग करते.) या तिघींचा जो मोठा त्रिकोण होतो, त्यात उत्तरा फाल्गुनीच्या बाजूला, नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी हजाराहून जास्त दीर्घिकांचा कन्या समूह आहे. अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं. त्याच्या मध्याजवळ एम ८७ ही महाकाय दीर्घिका. तांबूस, गोलसर, आणि थांबलेली. तिथे नवे तारे जवळजवळ जन्मतच नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात शेजारची मुलगी माझ्याबरोबर गच्चीवर आली होती. बारावी झालेली, हुशार. तिला ती रिकामी दिसणारी जागा दाखवली आणि सांगितलं की तिथे असं असं आहे.

“काकू, पण मग गॅस संपला असणार ना त्यांचा?”

“संपला नाही गं. भरपूर आहे. दीर्घिकेच्या चहूबाजूंनी पसरलाय.”

“मग तारे का नाहीत?”

“गरम आहे म्हणून.”

तिचा चेहरा पाहून मी तिला म्हटलं, आत्ता तुझ्या मानेवर जो घाम आहे तो वाळत का नाही ते बघ. खाडीवरून आलेल्या हवेत पाणी किती आहे! वाळत घातलेले कपडे सकाळी होते तसेच दमट आहेत, पाठीला कुर्ता चिकटलाय. पाण्याची कमतरता आहे का? मुळीच नाही. आणि थेंब पडतोय का? तोही नाही. कारण वाफेचं पाणी व्हायला ती वर चढून गार व्हावी लागते, आणि मे महिन्यात ते होत नाही. मोसमी वारे जोर धरतील, ही हवा सह्याद्रीला थडकून वर जाईल, गार होईल, तेव्हा हेच पाणी कोसळेल. दीर्घिकेभोवतालच्या वायूचं असंच आहे. तारा व्हायचं तर वायूला आधी गार व्हावं लागतं. गार म्हणजे किती, तर उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. तेवढं झालं की रेणू मंदावतात आणि गुरुत्वाकर्षणाला त्यांना गोळा करता येतं. एम ८७च्या भोवतीचा वायू मात्र कोटी-दोन कोटी अंशांवर आहे. त्याचे कण इतक्या वेगाने धावतात की गुरुत्वाला ते आवरतच नाहीत. तिथला मे कधी सरतच नाही.

यापुढचा प्रश्न तिने विचारला नाही, पण मला तो तेव्हापासून सोडत नाही: तो गार का होत नाही? तापलेली वस्तू ऊर्जा बाहेर टाकून निवते, हा नियम तिथेही लागू आहे. हा वायू क्ष-किरण फेकत असतो, म्हणजे त्याची उष्णता सतत बाहेर जाते. गणित केलं तर बऱ्याच दीर्घिका-समूहांच्या मध्यभागी दर वर्षी शेकडो सूर्य होतील इतका वायू निवून खाली यायला हवा. प्रत्यक्षात तसं काही होताना दिसत नाही. १९९९ साली अवकाशात गेलेल्या, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाच्या चंद्रा वेधशाळेने आणि तिच्या बरोबरीच्या युरोपीय क्ष-किरण दुर्बिणीने हे स्पष्ट दाखवलं. म्हणजे जेवढी उष्णता जाते तेवढी कोणीतरी परत भरत असलं पाहिजे.

तो कोणीतरी म्हणजे मधलं कृष्णविवर. पुरावा सापडला ययाती तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिका-समूहात. २००३ साली चंद्राच्या प्रतिमांमध्ये तिथल्या तप्त वायूत एकामागून एक वर्तुळाकार लहरी दिसल्या. त्या ध्वनिलहरी होत्या. मध्यावरचं कृष्णविवर झोतांनी वायूत मोठाल्या पोकळ्या फुगवतं आणि त्या फुगण्याने लहरी उठतात. एका लहरीमागून दुसरी यायला जवळजवळ कोटभर वर्षं. पियानोच्या मधल्या ‘सी’ स्वराखाली ५७ सप्तकं उतरून जो स्वर येईल, तो. माणसाच्या कानाला त्याचा काही उपयोग नाही, पण त्या लहरींची ऊर्जा वायूत मुरते आणि त्याला निवू देत नाही.

इथे मी नेहमी थबकते, कारण आकारांचा मेळ मनात बसत नाही. एम ८७च्या मध्यावरचं कृष्णविवर ६५० कोटी सूर्यांच्या वजनाचं आहे. २०१९च्या एप्रिलमध्ये जगाने पाहिलेली ती नारिंगी कड्याची प्रतिमा त्याचीच. एवढं असूनही त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला प्रकाशाला फार तर दीड दिवस लागेल. अख्खी दीर्घिका ओलांडायला त्याच प्रकाशाला लाखभराहून जास्त वर्षं लागतात. दीड दिवसाएवढी वस्तू लाखो प्रकाशवर्षांच्या पसाऱ्याला तारे होऊ देत नाही! तिच्यातून निघालेला एक सरळ झोत साध्या छायाचित्रातही दिसतो; हीबर कर्टिस यांनी १९१८ सालीच त्या ‘सरळ किरणा’ची नोंद केली होती, तो काय आहे हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. त्याची लांबी जवळजवळ पाच हजार प्रकाशवर्षं. बळ कुठून येतं, याचा हिशेब मात्र समजण्याजोगा आहे. ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा शेकडा ०.७ भाग ऊर्जेत बदलतो. कृष्णविवराकडे घरंगळत जाणारा वायू तापून आत पडण्याआधी शेकडा १०च्या आसपास ऊर्जा देऊन जातो. त्यामुळे कृष्णविवर दीर्घिकेच्या हजारांश वजनाचं असलं, तरी त्याच्या वाढीत सुटलेली ऊर्जा दीर्घिकेतला सगळा वायू उधळून द्यायला पुरून उरते.

पण हे सगळं झालं आजच्या, म्हाताऱ्या दीर्घिकांबद्दल: थांबलेलं काम परत का सुरू होत नाही. पहिल्यांदा थांबलं कसं, हा वेगळा आणि कितीतरी अवघड प्रश्न आहे. विश्वाच्या बालपणी वायू मुबलक होता, दाट होता, आणि गार प्रवाहांनी थेट दीर्घिकांच्या आत शिरत होता. अशा दिवसांत कोणी का थांबावं?

आणि तरी थांबल्या. जीएस-९२०९ नावाच्या दीर्घिकेचा वेबने घेतलेला वर्णपट २०२३ साली प्रसिद्ध झाला. आपल्याला दिसते तेव्हा विश्व १२५ कोटी वर्षांचं होतं. तिच्यात तेव्हाच सुमारे ४,००० कोटी सूर्यांच्या वजनाचे तारे होते, जवळजवळ आपल्या आकाशगंगेइतके, तेही आकाराने तिच्याहून खूपच लहान जागेत. त्यातले बहुतेक २० कोटी वर्षांच्या एका धडाक्यात झाले आणि विश्व साधारण ८० कोटी वर्षांचं असताना सगळं शांत झालं. मध्यावर अपेक्षेपेक्षा बरंच जड, सुमारे ५० कोटी सूर्यांचं कृष्णविवर सापडलं. वेबच्या आधीच्या संगणकी प्रतिकृतींमध्ये अशा जड आणि शांत दीर्घिका इतक्या लवकरच्या काळात क्वचितच निघत. वेबला त्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सापडत आहेत, आणि त्यामुळे सिद्धांत मांडणाऱ्यांना आपली समीकरणं पुन्हा उघडून बसावं लागलं आहे.

काम थांबतानाच कोणी सापडावं, तशी एक दीर्घिका सापडलीही. अधिकृत नाव जीएस-१०५७८. तिचे बारकाईने वेध घ्यायचं ठरवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला पाब्लोची दीर्घिका म्हणतात. काळ महास्फोटानंतर साधारण दोनशे कोटी वर्षांचा. तिच्यातून सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरातल्या वेगाने वायू बाहेर पडतो आहे. हा वायू तप्त असता तर तो पूर्वीच्या दुर्बिणींनाही दिसला असता. पण वेबने पाहिला तो थंड, उदासीन (म्हणजे विद्युतभार नसलेला) वायू, जो स्वतः उजळत नाही; मागच्या ताऱ्यांच्या प्रकाशातला थोडा भाग त्यातल्या सोडियमने गिळला, त्या गिळल्याच्या खुणेवरून तो ओळखला गेला. म्हणजे जो वायू पुढे तारे होणार होता, तोच घराबाहेर पडताना पकडला. आणि तारे घडवत राहायला जितका वायू लागला असता, त्याहून जास्त बाहेर जातो आहे, हे त्या मोजमापांनी दाखवलं.

मग कृष्णविवराने सगळं एका झटक्यात उडवून दिलं, की वरून येणारा वायू अडवून धरला आणि आतला साठा संपत गेला? दोन्ही बाजूंनी बोलणारे अभ्यासक आहेत. मला स्वतःला दुसरं जास्त पटतं. एकदाच उडवलेला वायू परत खाली येऊ शकतो. सुरुवातीला सांगितलेल्या त्या छोट्या दीर्घिकेत कदाचित तेच घडलं असेल. तिथे मोठ्या कृष्णविवराचीही गरज नाही, जड ताऱ्यांचे स्फोट तेवढ्या हलक्या दीर्घिकेतून वायू लोटून द्यायला पुरतात, आणि तो निवून परतला की तारे पुन्हा जन्मू लागतात. कायमचं थांबायचं असेल तर येणं बंद व्हावं लागतं, आणि बंदच राहावं लागतं.

या येण्याबद्दल सर्वांत भक्कम बोलणारं एक मोजमाप आपल्या महाराष्ट्रातून झालेलं आहे, आणि ते जितक्या लोकांना माहीत असायला हवं तितकं नाही, याची मला मनापासून खंत आहे. ठाण्याहून कल्याण, मुरबाड करत माळशेज चढलं की पुढे आळेफाटा, नारायणगाव, आणि तिथून आत खोडद. तिथे जीएमआरटी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ अँटेना, चौदा मध्यावर आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या अँटेना भरीव पत्र्याच्या नाहीत. दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी आहे ती, म्हणून वजन कमी, खर्च कमी, वारा आरपार. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, तिथे सगळ्यांना प्रवेश असतो. शाळेच्या मुलांना घेऊन गेले होते तेव्हा आजूबाजूच्या गावांतली मुलं, त्यांच्या आया, डोक्याला टोपी घातलेले आजोबा, सगळे त्या अवाढव्य जाळीखाली माना वर करून उभे होते. एका आजोबांनी तिथल्या संशोधकाला सरळ विचारलं, “साहेब, ह्यात दिसतं काय?” त्याने शांतपणे सांगितलं, “बाबा, दिसत नाही, ऐकू आल्यासारखं असतं. हायड्रोजन.” मला ते उत्तर फार आवडलं.

हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा अतिशय क्षीण रेडिओ संदेश सोडतो. दूरच्या एकेका दीर्घिकेचा तो पकडणं अशक्यप्राय. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जीएमआरटीने तब्बल ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले आणि त्यांची सरासरी काढली. ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन अशा रीतीने प्रथमच मोजला गेला. २०२० सालच्या ऑक्टोबरमध्ये तो निबंध ‘नेचर’मध्ये आला. निष्कर्ष असा: त्या दीर्घिकांकडे वायू भरपूर होता, पण त्या तारे इतक्या वेगाने घडवत होत्या की तो साठा शंभर-दोनशे कोटी वर्षांत संपावा. आणि बाहेरून पुरेसा नवा वायू येत नव्हता.

हे एक वाक्य विश्वाच्या मोठ्या इतिहासाला जोडून पाहायला हवं. तारे जन्मण्याचा वेग सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी सर्वोच्च होता. तिथून तो उतरत उतरत आज त्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला आहे. का उतरला, याचं एक मोठं कारण खोडदच्या जाळीने सांगितलं. ताऱ्यांच्या बाबतीत विश्वाचा भर ओसरलेला आहे. आपण त्याच्या उताराच्या काळात जगतो आहोत.

आपली आकाशगंगा या उतारावर अजून चालती आहे. वर्षाला साधारण एक ते दोन सूर्यांच्या वजनाचे तारे, इतकाच तिचा वेग. आपल्याकडचं कृष्णविवर ४० लाख सूर्यांच्या आसपासचं, एम ८७च्या पुढे किरकोळ. तेही पूर्ण गप्प नव्हतं: आकाशगंगेच्या वर आणि खाली पंचवीस-पंचवीस हजार प्रकाशवर्षं उंचीचे गॅमा किरणांचे दोन फुगे २०१० साली सापडले, काही दशलक्ष वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी खवळण्याची ती खूण असावी, असं बहुतेकांना वाटतं. पण तेवढ्याने काम थांबलं नाही. आणि ते थांबलं नाही म्हणून आपण आहोत, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं क्षणभर लिहायचं विसरतात. सूर्य ४६० कोटी वर्षांपूर्वी जन्मला, म्हणजे विश्व तेव्हा ९०० कोटी वर्षांचं झालेलं होतं. आकाशगंगा जीएस-९२०९सारखी घाईत असती, तर सूर्याची पाळीच आली नसती.

आणि सूर्य नुसता जन्मून भागलं नसतं. मॅग्नेशियम, ऑक्सिजन ही मूलद्रव्यं जड ताऱ्यांच्या स्फोटांतून पटापट तयार होतात. लोखंडाचा मोठा भाग मात्र दुसऱ्या एका प्रकारच्या स्फोटांतून येतो. त्यात श्वेत बटू लागतो, म्हणजे आधी एक मध्यम तारा जन्मून, जगून, संपावा लागतो, मग तो बटू फुटण्याइतका जड व्हावा लागतो. याला कोट्यवधी, कधी अब्जावधी वर्षं लागतात. घाईने थांबलेल्या दीर्घिकांच्या ताऱ्यांत म्हणूनच मॅग्नेशियमच्या मानाने लोखंड कमी सापडतं. त्या किती लवकर आटोपल्या हे अभ्यासक या गुणोत्तरावरूनच ओळखतात. शाळेत हिमोग्लोबिन तपासायला येतात आणि मुलींना लोहाच्या गोळ्या देतात, तेव्हा मला आकाशगंगेच्या या संथपणाबद्दल कृतज्ञता वाटते.

उरला प्रश्न आपला साठा किती. आकाशगंगेतला रेणूरूप हायड्रोजन आजच्या वेगाने शंभर कोटी वर्षंही पुरणार नाही, त्यामुळे बाहेरून नवा वायू येत राहायलाच हवा. तो येतो आहे. गरुड तारकासमूहाच्या दिशेला, श्रवण ताऱ्याच्या परिसरात, हायड्रोजनचा एक ढग आकाशगंगेच्या तबकडीकडे निघालेला आहे. १९६३ साली लायडेन विद्यापीठात शिकणाऱ्या गेल स्मिथ या विद्यार्थिनीने तो शोधला, आणि तिच्याच नावाने तो ओळखला जातो. त्यात दहा लाखांहून जास्त सूर्यांच्या वजनाचा वायू आहे आणि साधारण तीन कोटी वर्षांत तो येऊन थडकेल. वर्षाला एक-दोन सूर्य या हिशेबाने एवढ्याने पाच-दहा लाख वर्षं भागतील. तेवढ्याने पुरणार नाही हे उघड आहे, पण असे आणखी ढग येताना दिसले आहेत, आणि आकाशगंगेभोवतीचा तप्त वायूही आपल्या गतीने, थोडा थोडा, निवतो आहे.